न खपणारा कन्सोल कधी बदलावा? सेगा आणि निन्टेंडोचा अनुभव

व्हिडिओ गेमचा कन्सोल, म्हणजे घरी खेळ खेळण्याचे यंत्र, खपत नसेल तर तो कंपनीने आणखी किती काळ रेटावा, हा प्रश्न वरवर निव्वळ हिशेबाचा वाटतो. मात्र या धंद्यात यंत्र अनेकदा तोट्यात विकून खेळांवर कमाई केली जाते. त्यामुळे ग्राहकांचा आणि खेळ बनवणाऱ्या स्टुडिओंचा भरवसा गेला की नवे यंत्रही तो परत आणेलच असे नाही. जपानच्या सेगा कंपनीला हे फार महागात पडले.

सेगाचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल अमेरिकेत जेनेसिस या नावाने जोरात चालला होता. त्याला जोडायचे ३२एक्स हे उपकरण नोव्हेंबर १९९४ मध्ये तेथे आले आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हा संपूर्ण नवा कन्सोलही विक्रीला लागला. म्हणजे ३२एक्स विकत घेणाऱ्याची वस्तू घरी नेतानाच जुनी झाली होती. पुढे ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसमधील ई३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगाने, सप्टेंबरची ठरलेली तारीख बाजूला सारून, सॅटर्न आजपासूनच ३९९ डॉलरला मिळेल असे जाहीर केले. माल निवडक दुकानांनाच दिला गेला होता. वगळले गेलेल्या केबी टॉईज या खेळण्यांच्या दुकानसाखळीने सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. त्याच प्रदर्शनात सोनीच्या प्रतिनिधीने व्यासपीठावर येऊन प्लेस्टेशन या प्रतिस्पर्धी कन्सोलची फक्त किंमत सांगितली, २९९ डॉलर, आणि तो खाली उतरला.

१९९७ मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेचे बर्नी स्टोलर यांनी सॅटर्न हे कंपनीचे भवितव्य नाही, असे उघडपणे सांगितले. त्यांचे म्हणणे खरे असले तरी ते फार लवकर बोलले गेले, असे माझे मत आहे, कारण सेगाचा पुढचा कन्सोल ड्रीमकास्ट अमेरिकेत येण्यास ९ सप्टेंबर १९९९ उजाडावे लागले. मधली दोन वर्षे तेथे सेगाकडे विकण्याजोगे जवळपास काहीच नव्हते. ड्रीमकास्ट यंत्र म्हणून उत्तम होते, परंतु सोनीच्या प्लेस्टेशन २ च्या प्रतीक्षेत अनेकांनी हात आखडता घेतला आणि जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले.

निन्टेंडो या दुसऱ्या जपानी कंपनीवर न खपणाऱ्या कन्सोलची हीच वेळ वी यू मुळे आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या या कन्सोलचा पडदा असलेला गेमपॅड (हातात धरायचे नियंत्रक) म्हणजे निन्टेंडोच्या आधीच्या ‘वी’ या कन्सोलचेच एखादे जोडउपकरण असावे, अशी अनेकांची समजूत झाली. जेमतेम १ कोटी ३६ लाख नग खपले. मार्च २०१५ मध्ये अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्मार्टफोनवरील खेळांचा करार जाहीर करताना, कंपनी कन्सोल सोडणार नाही हे पटावे म्हणून, नव्या कन्सोलच्या ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाचाही उल्लेख केला, पण त्यापलीकडे तपशील दिला नाही. मार्च २०१७ मध्ये तोच स्विच म्हणून बाजारात आला. वी यू वर सुमारे ८४ लाख प्रती खपलेला मारिओ कार्ट ८ हा खेळ काही भर घालून स्विचवर पुन्हा विकला गेला आणि तेथे ६ कोटींच्या पुढे गेला.