केनियातल्या बालगृहात सेवेला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि परवानगीचा रस्ता

स्वाहिली भाषेत ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘मामा’ म्हणजे आई. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहराजवळच्या बालगृहात पहिल्या दिवशी मुलं ‘दादा, दादा’ म्हणत माझा हात ओढत होती आणि ती मलाच हाक मारताहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. तिथे मी तीन महिने राहिले. त्या तीन महिन्यांसाठी कागद जमवायला साडेचार महिने गेले. परत आल्यापासून नंदुरबार-धुळ्याकडच्या नर्सिंगच्या मुली, निवृत्त शिक्षक, एक-दोन इंजिनीअरसुद्धा विचारतात, “आम्हालाही जायचंय, काय काय लागतं?” त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात तिकिटापासून करू नका, संस्थेपासून करा. केनियात बालगृहाला सरकारी भाषेत ‘चॅरिटेबल चिल्ड्रन्स इन्स्टिट्यूशन’ म्हणतात. मुलांच्या सेवांसाठी तिथे राष्ट्रीय परिषद आहे आणि देखरेखीला बालसेवा संचालनालय. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ मध्ये मुलांसाठी नवा कायदा आला आणि त्याच वर्षी २०३२ पर्यंतचं एक धोरण जाहीर झालं: मुलांना संस्थेतून काढून पुन्हा कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा त्यांना सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबात न्यायचं. यामागचं कारण समजून घ्या. जगभर अशा संस्थांत राहणाऱ्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतो, हे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्येच मांडलं होतं. आपण ज्यांना सरसकट अनाथ म्हणतो त्यातली बरीच मुलं गरिबीमुळे घराबाहेर पडलेली असतात. परदेशी पाहुणे आणि त्यांचे पैसे येत राहावेत म्हणून मुलांना घरून उचलून आणण्याचे प्रकारही काही देशांत उघड झाले. म्हणूनच डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या या बाजूची दखल घेतली.

तेव्हा संस्थेला पहिल्याच मेलमध्ये तीन गोष्टी विचारा. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पाठवाल का? गेल्या वर्षभरात किती मुलं घरी परतली? तुमच्याकडे पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्ता आहे का? मी आधी ज्या एका संस्थेशी बोलत होते, तिने आठवड्याचे पैसे लगेच सांगितले आणि म्हणाली, “टुरिस्ट म्हणून या, पोलिसांचा दाखला वगैरे नको, बाळांना कडेवर घ्यायला माणसं हवीच आहेत.” मी तिथेच थांबले. जिथे कोणीही उठून येऊन बाळाला कडेवर घेऊ शकतं, तिथे ते बाळ सुरक्षित नाही.

कोण जाऊ शकतं

वय किमान १८, पण बऱ्याच चांगल्या संस्था २१ च्या खाली घेत नाहीत. इंग्रजी कामापुरती यायला हवी. स्वाहिलीची शंभरेक वाक्यं आधी शिकलात तर मुलं पहिल्या आठवड्यात तुमची होतील. खरी अट मात्र कौशल्याची. ‘मुलांवर प्रेम आहे’ एवढ्यावर जाऊ नका. मुलांना प्रेम देणाऱ्या मावश्या तिथे आहेत, त्या वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आपण त्यांना हातभार लावायला जायचं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या भागात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे, आपल्या नंदुरबार-गडचिरोलीसारखंच. मी नर्स म्हणून सिकलसेलच्या वॉर्डात बारा वर्षं काढली होती, म्हणून माझी निवड झाली. तरीही लक्षात ठेवा, परदेशी नर्सला तिथे रुग्णाला हात लावायचा तर केनियाच्या नर्सिंग कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. मी तो काढला नव्हता, त्यामुळे तीन महिन्यांत एक इंजेक्शनसुद्धा दिलं नाही. मी मावश्यांना शिकवलं: ताप आला की थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं, पाणी पाजत राहायचं, थंडीत अंग झाकायचं, मूल ‘हाडं दुखतात’ म्हणालं की ते खरं मानायचं.

इथे काढायचे कागद

पासपोर्टची मुदत पोहोचल्या दिवसापासून किमान सहा महिने आणि कोरी पानं. मग पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. इथे बरेच जण चुकतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून नोकरीसाठी मिळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा. परदेशासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवरूनच अर्ज करायचा, शुल्क ५०० रुपये. अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागदांसह पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. पासपोर्टवरचा आणि राहता पत्ता वेगळा असेल तर पोलीस ठाण्यात चकरा होतात, त्यासाठी महिनाभर हाताशी ठेवा. हा दाखला साधारण सहा महिन्यांपर्यंतच ग्राह्य धरतात, म्हणून फार आधीही काढू नका.

शैक्षणिक प्रमाणपत्रं, नोंदणी असेल तर कौन्सिलचं पत्र आणि दोन संदर्भपत्रं लागतात. संदर्भ गावच्या प्रतिष्ठिताचे नकोत. तुम्हाला मुलांसोबत काम करताना पाहिलेल्या माणसाचे हवेत. माझ्या संस्थेने दोघांनाही फोन करून अर्धा-अर्धा तास विचारपूस केली.

आरोग्याचं काम लवकर सुरू करा. पिवळ्या तापाची लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्ड खरं तर परतताना लागतं: केनियाहून भारतात उतरताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड आता आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. सरोवराकाठी मलेरिया भरपूर, त्याच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. छातीचा एक्स-रेही काढून घ्या. आपल्याकडे क्षयरोग किती आहे हे आपल्याला ठाऊक आहे, मुलांपर्यंत तो आपण नेऊ नये. विमा घ्याल तो आणीबाणीत हलवण्याचा खर्च देणारा घ्या.

केनियाची परवानगी

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी आणली, तिला ईटीए म्हणतात. अर्ज ऑनलाइन, शुल्क साधारण ३० डॉलर. पासपोर्ट, फोटो, राहण्याचा पत्ता, येण्याजाण्याची तिकिटं एवढंच लागतं. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी बरीच स्थळं आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट केई’ आहे ना, ते बघा.

पण ईटीए मिळाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नव्हे. केनियाच्या कायद्यात बिनपगारी कामही कामच धरलं जातं. थोड्या मुदतीसाठी ‘स्पेशल पास’ आणि लांब मुदतीसाठी धर्मादाय कामाचा ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो. अर्ज बोलावणारी संस्था करते. तिचं पत्र, तिचं नोंदणी प्रमाणपत्र, तुमच्या पासपोर्टची प्रत, फोटो आणि प्रमाणपत्रं सोबत जोडतात. मंजुरीचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका. उतरल्यावर नैरोबीच्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवून ठेवा.

न वाचता सही करू नये असा कागद

बालसंरक्षण धोरण. माझं अकरा पानांचं होतं. मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. भेटवस्तू द्यायची तर सगळ्यांना, संस्थेमार्फत. फोटो नाही. ‘मी परत येईन’ असं वचन नाही. काही खटकलं तर कोणाला सांगायचं ते नावासकट लिहिलेलं, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर ११६, आपल्याकडच्या १०९८ सारखा.

फोटोचं कलम मला तेव्हा कडक वाटलं होतं. दुसऱ्या महिन्यात सात वर्षांचा एक मुलगा गेला. सिकलसेल होताच, ताप चढला, मावशीने शिकवल्याप्रमाणे तासाभरात दवाखान्यात नेलं, सगळं वेळेवर झालं, तरी पहाटे गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाचे मग मांडणाऱ्या मुलीने नेहमीचे तेवीस मांडले, मग एक उचलला आणि फळीवर उलटा ठेवला. कोणी काही बोललं नाही. तिथल्या लुओ जमातीत माणसाला त्याच्या मूळ गावीच पुरतात, म्हणून त्याची आत्या न्यायला आली. तिच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. सामाजिक कार्यकर्तीने फाइल उघडली, आतला पासपोर्ट आकाराचा फोटो पिनेतून सोडवला आणि तिच्या हातात दिला. तो फोटो त्याच्या माणसांचा होता. माझ्या फोनमध्ये तो कोणत्या नात्याने राहिला असता? मावश्या मला ‘पोले साना’ म्हणत होत्या, दुःखात माणसाला म्हणायचे तिथले शब्द. त्याला जन्मापासून सांभाळलेल्या बायका माझं सांत्वन करत होत्या.

म्हणून अर्ज करतानाच विचारा: असं काही घडलं तर स्वयंसेवकाशी बोलायला कोण असेल? मुलांशी कोण बोलेल? उत्तर लेखी मागा.

त्याच महिन्याच्या अखेरीला नऊ वर्षांची एक मुलगी घरी गेली. आठ महिने भेटी, घराची पाहणी, बाल अधिकाऱ्यांची मंजुरी, सगळं झालं होतं. न्यायला आजी आली, मटाटूने, म्हणजे तिथल्या वडापने, काखेत एक कोंबडी घेऊन. कोंबडी मावश्यांसाठी होती. मुलीने आपला मग पिशवीत टाकला आणि कोणी हटकलं नाही. त्या रात्री चपात्या झाल्या. हो, तिथेही चपातीच म्हणतात, आणि चहाला चाय.

निघण्याची तारीख

करारात पोहोचण्याच्या तारखेशेजारी निघण्याची तारीख लिहून घ्या आणि ती मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगा. आमच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर माझ्या शेवटच्या दिवसाभोवती लाल गोल. रोज संध्याकाळी एक मूल त्या त्या दिवसावर फुली मारायचं. तारीख पुढे ढकलू नका आणि न सांगता आधी निघू नका. परत आल्यावर पत्रं संस्थेच्या पत्त्यावर, सगळ्यांच्या नावे पाठवा. कोणा एकाच मुलाला फोन किंवा पैसे नकोत. शेवटची फुली मारायला त्या दिवशी मुलांनी मला पुढे केलं, खडू माझ्या हातात दिला, आणि सगळी जेवायला निघून गेली.