एकाच मंचावर इतके जॅझ कसे? नाशिकच्या मैफलीमागची पार्श्वभूमी

हिवाळ्यात नाशिकमध्ये मोकळ्या मैदानावर जॅझचा कार्यक्रम ठरला की पत्रिका साधारण अशी दिसते. दुपारी पियानो, बास आणि ड्रम्सचे त्रिकूट, मग ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांची दर्दभरी गाणी) गाणारा गिटारवाला, त्यानंतर सतार-तबला घेऊन आलेला फ्युजनचा संच, लॅटिन तालांवरचा सात-आठ जणांचा बँड, आणि जमल्यास शेवटी ढोल-ताशा. यात जॅझ नेमका कोणता, हा श्रोत्यांचा प्रश्न रास्त आहे. सगळाच, असे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. हे संगीत जन्मापासून सरमिसळीचे आहे, आणि इथवर येताना त्याने वाटेतल्या दर मुक्कामावर काही ना काही उचलले आहे.

पहिला मुक्काम न्यू ऑर्लिन्सचा. तिथल्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक रविवारी जमून वाजवत आणि नाचत. त्याच शहरात फ्रेंच-स्पॅनिश वळणाचे नाचाचे संगीत होते, चर्चची गाणी होती आणि लष्करी थाटाचे पितळी बँडही होते. लग्न असो की अंत्ययात्रा, बँड रस्त्याने चालत वाजवायचा: एकाच्या गळ्यात मोठा ड्रम, दुसऱ्याच्या गळ्यात साइड ड्रम, झांजा तिसऱ्याकडे. हीच माणसे नाचघरात आली तेव्हा जागा कमी पडली आणि पगारही वाचवायचे होते. मग तिघांचे काम एकट्याने बसून करायची सोय निघाली. विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या पायाच्या पेडलमुळे मोठा ड्रम पायाखाली गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. आजचा ड्रमसेट म्हणजे मुळात मिरवणुकीतले वाद्यपथक. खर्जाचा ठेका धरणारा ढोल आणि त्यावर बारीक, वेगवान काम करणारा ताशा ही नाशिक ढोलाची विभागणी अगदी त्याच जातीची आहे. म्हणून ढोल-ताशाला जॅझच्या मंचावर पाहुणा समजायचे कारण नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कला ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँडने जॅझची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित केली आणि रस्त्यावरचे हे संगीत जगभर पोचू लागले. मूळ संगीत कृष्णवर्णीयांचे आणि पहिली तबकडी गोऱ्यांच्या बँडची, हेही या इतिहासात लक्षात ठेवावे लागते.

महोत्सव हा प्रकार पुष्कळ उशिराचा. जॉर्ज वेन यांनी १९५४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला उघड्यावर जॅझ महोत्सव भरवला आणि पुढच्या सगळ्यांनी तो नमुना गिरवला. १९५८ च्या न्यूपोर्टमध्ये गॉस्पेल म्हणजे चर्चची भक्तिगीते गाणाऱ्या महालिया जॅक्सन होत्या आणि रॉक अँड रोलचा चक बेरीही होता. चौथ्या-पाचव्या वर्षातच ही स्थिती होती. स्वित्झर्लंडमधला माँत्रो महोत्सव १९६७ चा, खुद्द न्यू ऑर्लिन्सचा १९७० चा. दोघांनीही दारे उघडीच ठेवली.

आपल्याकडची वाट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातून जाते. लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक १९३५ मध्ये आपला बँड घेऊन तिथे आले. पाठोपाठ ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला लहानपणीच शिकवत. त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायचे, ही तयारी त्यांची आधीच होती. अन्तोनिओ झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावे. रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला, असा त्यांचा दिनक्रम. संगीतकार चाल गुणगुणायचा, आणि ती कुठल्या वाद्याने उचलायची, मधले तुकडे काय भरायचे, हे अरेंजर कागदावर उतरवायचा.

या कथेत गोदाकाठचा माणूस आहे तो सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर १९१८ मध्ये नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मले. नाशिकहून खाली वाहत गेलेली गोदावरीच त्या गावाजवळून जाते. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या नाचामागे चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. ज्या घरांत जॅझ हा शब्दही पोचला नव्हता, तिथे स्विंगचा, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचा, झोका असा रेडिओवरून पोचला. मराठी श्रोत्याला हे संगीत परके वाटत नाही, याचे खरे श्रेय या अरेंजरांना आहे, आणि ते त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कलावंतांचे दौरे काढले. पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात आले, बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये. मग १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझ इंडिया या संस्थेने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. पहिल्याच यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले. यात्रेची जागा धोबी तलावाजवळचे रंगभवन, डोक्यावर छप्पर नसलेले. परदेशी पाहुण्यांसोबत आपले संच हवेत, या आग्रहातून ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन, लुई बँक्स यांचा पियानो आणि आर. ए. रमामणी यांचे कर्नाटक गायन एकत्र आले. आज ज्याला सरसकट फ्युजन म्हणतात, त्याची इथली शिस्त या मंडळींनी घालून दिली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र ठरवले, आणि रंगभवनातले मोठे कार्यक्रम थांबले. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वाइनयार्ड्सच्या खुल्या रंगमंचावर २००८ पासून सुलाफेस्ट भरू लागला. तो जॅझचा महोत्सव नव्हे, पण दोन-तीन मंच, अनेक देशांचे बँड आणि मुंबई-पुण्याहून येणारा श्रोता यांची सवय या गावाला त्याने लावली.

आता हे प्रकार एका मंचावर बसतात कसे, ते पाहू. ब्लूजचे एक कडवे १२ मात्राखंडांचे, खंडात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. कडव्यात तीन ओळी: पहिली, तिचीच पुनरावृत्ती आणि उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळ १६ मात्रांची, म्हणजे बरोबर एक त्रितालाचे आवर्तन. स्वरसंगती (कॉर्ड) मुख्यतः बदलते ती पाचव्या आणि नवव्या खंडावर, आणि नेमकी तिथेच त्रितालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पडते. तबलजीला वेगळे काही मोजावे लागत नाही. चुकते ते ठेक्याच्या चालण्यात. स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. मध्यलयीत पहिला भाग दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट लांब असतो, लय वाढली की तो फरक कमी होतो. तबल्यावर सरळ ‘धा धिं धिं धा’ धरला की ड्रमरच्या झांजेशी खटके उडतात. तिस्र जातीच्या अंगाने, म्हणजे मात्रेचे तीन भाग करून, बोल मोडले की दोघे एकत्र चालतात. शिवाय जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. श्रोते हौसेने पहिल्या-तिसऱ्यावर टाळ्या धरतात, तेव्हा मंचावर त्रास होतो.

स्वरांचे जमणे १९५९ पासून सोपे झाले. त्या वर्षीच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी दर खंडाला बदलणारी स्वरसंगती बाजूला ठेवून एकाच सप्तकावर थांबायचा मार्ग रूढ केला. तिथला डोरियन मोड (मोड म्हणजे ठरावीक सात स्वरांचा संच) म्हणजे आपला काफी थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, लिडियन म्हणजे कल्याण. सतारियाला बढत करायला जागा मिळाली. पण त्याच तबकडीतली पहिली रचना ३२ खंडांची आहे: १६ खंड एका षड्जावर, मग ८ खंड अर्ध्या स्वराने वर, आणि शेवटचे ८ परत मूळ जागी. त्या मधल्या आठ खंडांत तानपुरा बंद करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा कोणी बंद करायचा, हे ठरलेले नसले तर सगळी रचना बेसूर होते.

षड्ज कुठला, हा भाग आधी पत्राने नव्हे, फोनवर बोलून पक्का करावा. हार्मोनियमच्या पट्ट्यांनी सांगायचे तर सतार बहुधा काळी एकला लावलेली असते. डबल बासच्या चार तारा पांढरी तीन, सहा, दोन आणि पाचच्या. त्याला पांढरी दोन सोयीची, कारण मोकळी तार मिळते. अर्धा स्वर चढवायचा म्हणजे सतारीच्या ११ ते १३ तरफा (खालच्या अनुनादी तारा) पुन्हा लावणे आणि बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार तुटण्याचा धोका पत्करणे. तबल्याचा दायाँही दुसरा आणावा लागतो. अल्टो सॅक्सोफोनची गोष्ट निराळीच: त्याचा कागदावरचा स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात. मंचावरची पांढरी दोन त्याच्या कागदावर पांढरी सात म्हणून लिहितात. पियानोचाच कागद त्याच्या हातात दिला की पहिल्या ओळीलाच गोंधळ होतो.

नाशिकची थंडी हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. जानेवारीत दुपारी पारा २८ च्या आसपास असतो आणि रात्री १० च्या खाली जातो. पारा उतरतो तसा हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटरने घटतो, म्हणून सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट उतरतात. वाजवताना फुंकरीने नळी आतून उबदार राहते, पण दुसऱ्याचा एकल चालू असताना दहा मिनिटे थांबले की फरक कानाला कळतो. पोलादी तारा मात्र थंडीने आखडून चढतात. एक वर, एक खाली. त्यात दव पडले की तबल्याची पुडी (वरचे चामडे) सैल होते. उपाय साधे आहेत: मंचाला मागून आणि वरून आडोसा, वाद्ये तासभर आधी मंचाच्या हवेत, दोन रचनांच्या मध्ये फुंकवाद्यांत नुसती फुंकर, आणि स्वर लावणे दुपारच्या साउंडचेकवर न सोडता प्रत्यक्ष वाजवायच्या आधी पुन्हा. मुंबईहून कसारा घाट चढून आलेला ग्रँड पियानो त्याच दिवशी सुरात राहत नाही. तो आदल्या दिवशी आणून कार्यक्रमाच्या सकाळी ट्यून करायला हवा. ते शक्य नसेल तर चांगला डिजिटल पियानो बरा.

तबला-सतार आणि ड्रमसेट शेजारी बसवू नयेत. तबल्याचा माइक मोठा करावा लागतो आणि त्यात ड्रम्सच शिरतात. दोन्हींचे चौथरे मंचाच्या दोन टोकांना असले तर एकाचा संच वाजत असताना दुसऱ्याची मांडणी पडद्याआड होऊ शकते आणि बदलाला लागणारी अर्धा तासाची वेळ बरीच कमी होते. ढोल-ताशा मंचावर नकोच. दोन ढोल आणि एक ताशा प्रेक्षकांच्या मागून चालत आणले तर माइकची गरज पडत नाही.

क्रमाबाबत आयोजक बहुतेक वेळा एक चूक करतात: शांत त्रिकूट दुपारी तीनला, जेव्हा लोक अजून गाड्या लावत असतात. त्याची खरी जागा सूर्यास्तानंतरची, आणि उन्हात लॅटिन बँडच शोभतो. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ती १२ पर्यंत वाढवू शकते, पण ते दिवस सणांसाठी जातात. म्हणून शेवटच्या संचाला साडेआठला मंच मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी दुपारच्या पहिल्या संचाने वेळेवर सुरुवात करायला हवी.