स्वस्त पास घेतला, पण पाय मैदानाकडे वळतात का?

रग्बी लीग हा उत्तर इंग्लंडच्या कामगारवस्त्यांचा खेळ. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात 22 क्लबांनी रग्बीच्या मूळ संघटनेपासून वेगळं व्हायचं ठरवलं. खेळण्यासाठी मजुरी बुडते, तिची भरपाई मिळावी, हा त्या भांडणाचा गाभा होता. या खेळात खिशाचा प्रश्न जन्मापासून आहे, म्हणूनच तिथे तिकिटाच्या किमतीवर लोक इतक्या पोटतिडकीने बोलतात.

उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या ऑड्सल मैदानावर चॅलेंज कप या रग्बी लीग स्पर्धेच्या 1954 च्या अंतिम फेरीच्या फेरसामन्याला 1,02,569 प्रेक्षकांची नोंद झाली होती. तिथला क्लब ब्रॅडफर्ड बुल्स 1997, 2001, 2003 आणि 2005 मध्ये सुपर लीगचा, म्हणजे या खेळातल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचा, विजेता ठरला. पुढे संघ घसरला आणि 2011 च्या हंगामासाठी क्लबने पास, म्हणजे हंगामभराची तिकिटं, अगदी स्वस्त केले. तरी 2012 च्या वसंतात तगून राहण्यासाठी क्लबला लोकांकडे 10 लाख पौंड मागावे लागले. याचं खापर पासावर फोडणं अन्यायाचं होईल, पण नुसत्या भरलेल्या स्टँडने क्लब वाचत नाही, एवढं त्यातून दिसतं.

पास घेतलेला माणूस खरोखर येतो का? 1985 मध्ये हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता, सवलत दिली गेली. पूर्ण 15 डॉलर मोजणाऱ्यांनी पहिल्या पाच नाटकांपैकी सरासरी 4.11 पाहिली, सवलतवाल्यांनी सुमारे 3.3. मोजलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस घराबाहेर पडतो. हंगामाच्या उत्तरार्धात मात्र हा फरक मावळला. व्यायामशाळांच्या अभ्यासातही असंच दिसलं. पैसे भरल्यानंतर लगेच गर्दी होते, मग ती ओसरत जाते. दिलेल्या पैशाची टोचणी फार दिवस टिकत नाही.

मग टिकतं काय? माझ्या मते सवय: तीच खुर्ची, शेजारी तीच माणसं, मुलाचा हात धरून केलेली तीच वाट. त्याच शहरातल्या ब्रॅडफर्ड सिटी या फुटबॉल क्लबने 2007 मध्ये पास स्वस्त केले आणि चौथ्या श्रेणीत खेळूनही सरासरी 13 हजारांवर प्रेक्षक आणले. त्यांनी हे धोरण पुढे अनेक वर्षं चालवलं, आणि मला तेच कळीचं वाटतं. एका हंगामाची सवलत हे गळाला लावलेलं आमिष असतं. दरवर्षी परवडणारा पास घराच्या महिन्याच्या हिशेबात जाऊन बसतो, आणि सवय रुजायला तेवढा वेळ लागतोच.

इंग्लिश फुटबॉलमध्ये अनेक क्लब विकलेला पास म्हणजे हजर प्रेक्षक असंच धरतात, त्यामुळे जाहीर आकडा फुगतो. म्हणून रग्बी लीगमध्येही जाहीर आकड्यावर माझा भरवसा नाही. सुपर लीग फेब्रुवारीच्या थंडीत सुरू होते. संघ सलग चार सामने हरल्यावर ऑगस्टमध्ये गेटवर किती पास स्कॅन झाले, तो आकडा मला पाहायचा आहे.