तिजोरी नसलेलं सरकार

अमेरिकेतून अधूनमधून ‘शटडाऊन’ची बातमी येते. खर्चाचं विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, अडकतं आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थांबतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात अनेक खात्यांचा कारभार ३५ दिवस असा ठप्प होता. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, असं त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. ज्यांनी ते लिहिलं, त्यांनी आधी काही वर्षं तिजोरीच नसलेलं सरकार चालवून पाहिलं होतं.

ब्रिटनशी भांडण पेटलं ते करावरून. आमचे प्रतिनिधी तुमच्या पार्लमेंटात नाहीत, तर आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण, हा अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा सवाल होता. त्यामुळे मार्च १७८१ मध्ये लागू झालेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या राज्यांमधल्या करारात मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच दिला नाही. राष्ट्राध्यक्ष नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे. दिले तर दिले. यात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार हवा. आयातीवर ५ टक्के शुल्क लावायचं ठरलं, तर १७८२ मध्ये एकट्या चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय तिथेच बारगळला. पुढच्या खेपेला न्यूयॉर्क आडवं आलं, कारण बंदराचं उत्पन्न हातचं सोडायची त्याची तयारी नव्हती.

करार लागू झाला त्याच वर्षी, १७८१ मध्ये, अमेरिकेत यॉर्कटाउनच्या लढाईत हरलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, पेशवे आणि निजाम यांना सोबत घेऊन टिपूशी लढला आणि १७९३ मध्ये बंगालचा शेतसारा कायमचा ठरवून मोकळा झाला. तिकडे त्याला हरवणाऱ्यांना मात्र आपल्याच सैनिकांचा पगार भागवता येत नव्हता. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने बंदोबस्त द्यायला नकार दिला, तेव्हा अख्खी काँग्रेस प्रिन्स्टनला निघून गेली.

खरा हादरा १७८६ मध्ये बसला. मॅसॅच्युसेट्स राज्याने युद्धातलं कर्ज फेडायला कर वाढवले आणि ते नाण्यांतच मागितले. पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांकडे नाणी कुठून येणार? जमिनींवर जप्ती येऊ लागली. युद्धात कॅप्टन राहिलेला डॅनियल शेज आणि त्याच्यासारखे माजी सैनिक पुढे झाले, आणि जमावांनी कोर्टांच्या दारात ठाण मांडलं. कोर्टच भरलं नाही तर जप्तीचा हुकूम निघणार कसा, असा रोकडा हिशेब होता. हे बंड मोडायला काँग्रेसला सैन्य उभारता येईना. अखेर बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून फौज उभी केली. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफ डागली गेली आणि चार बंडखोर मेले.

त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात राज्यांचे प्रतिनिधी जमू लागले. एकूण ५५ जण आले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. जुन्या करारात दुरुस्त्या करायच्या, एवढंच काम नेमून दिलं होतं. त्यांनी बंद दाराआड नवी राज्यघटनाच लिहिली. लहान आणि मोठ्या राज्यांच्या भांडणातून सिनेट आणि प्रतिनिधीगृह अशी दोन सभागृहं निघाली. तो तोडगा एका मताच्या फरकाने मंजूर झाला. कराची विधेयकं मात्र लोकांनी थेट निवडलेल्या प्रतिनिधीगृहातच सुरू व्हायची.

सगळ्यात लाजिरवाणी तडजोडही कराच्याच वहीतून आली. राज्यांकडून किती पैसे घ्यायचे हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरावीत, असा प्रस्ताव १७८३ मध्येच आला होता. आता तोच हिशेब प्रतिनिधी मोजायलाही लावला गेला. दक्षिणेतल्या मालकांची मतं वाढली ती ज्यांना मत नव्हतं अशांच्या जिवावर. ‘गुलाम’ हा शब्द घटनेत येऊ दिला नाही, व्यवस्था मात्र चोख केली.

नव्या घटनेला राज्यांची मंजुरी सहज मिळाली नाही. न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ मतं पडली. ऱ्होड आयलंड १७९० मध्ये, तेही दोन मतांनी, आत आलं. मध्यवर्ती सत्तेची धास्ती घेतलेल्यांची समजूत काढायला १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या जोडाव्या लागल्या.

दरम्यान अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या अंगावर घेतली. त्याला व्हर्जिनियाचा विरोध होता. राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायचं ठरल्यावर तो मावळला. वॉशिंग्टन शहर या सौद्यातून उभं राहिलं. कर्ज फेडायला १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसला आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी बिथरले. धान्य डोंगरापलीकडे न्यायला परवडत नसे, म्हणून ते त्याची दारू गाळत. १७९४ मध्ये बंड झालं, तेव्हा व्यापाऱ्यांकडे हात पसरावे लागले नाहीत: राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून सुमारे १३ हजारांच्या फौजेसोबत काही वाट चालून गेले. फौज पोचेपर्यंत बंडखोर पांगले होते. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली. वॉशिंग्टन यांनी दोघांनाही माफ केलं. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या काळात तो व्हिस्कीवरचा कर रद्द झाला आणि ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धाचा काळ सोडला तर यादवी युद्धापर्यंत फेडरल सरकार चाललं ते मुख्यतः आयातशुल्क आणि सरकारी जमिनींची विक्री यांवर.