जुन्या स्पोर्ट्स कारची घरगुती देखभाल व किरकोळ फेरबदल (नागपूर)

वेग आणि वळणावरची पकड यांसाठी बांधलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली मोटार घरच्या पोर्चमध्ये, मोजक्या हत्यारांनिशी स्वतः चालती ठेवणे आणि कायद्याच्या चौकटीत राहून तिच्यात लहानसहान सुधारणा करणे, असा हा छंद आहे. नागपुरात त्यातील कामांचा क्रम मुख्यतः उन्हाळा ठरवतो. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळतो, तेथे गाडीची शक्ती वाढवण्याआधी तिची उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था धडधाकट असावी लागते. हे पथ्य न पाळता केलेला बहुतेक खर्च पहिल्या नवतप्यातच, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतच, वाया जातो.

काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे दोन आसनांची, बुटकी आणि हलकी गाडी. अशा गाड्या भारतीय रस्त्यांवर नेहमीच तुरळक राहिल्या. गोव्यात तयार झालेली, रेनोचे १.२ लिटरचे इंजिन असलेली सॅन स्टॉर्म हे त्यांतले एक देशी आणि आता दुर्मीळ झालेले उदाहरण आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र हा शब्द सैलपणे वापरला जातो, आणि त्यात जोरकस इंजिनाच्या हॅचबॅक व सेदानही मोडतात. २०१० मध्ये आलेली फियाट लिनिया टी-जेट, २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, १०५ अश्वशक्तीची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१७ ची मारुती बलेनो आरएस आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही त्यांतली ठळक नावे होत. यांपैकी फियाटच्या गाड्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावला आणि पोलो चाकणला तयार होत असे. सुट्या भागांसाठी नागपूरचा मालक आजही बहुधा पुण्याकडेच फोन लावतो, त्याचे मूळ यात आहे.

खरेदी करताना गाडीइतकीच तिची कागदपत्रे तपासावी लागतात. नागपूर शहर (एमएच ३१), नागपूर पूर्व (एमएच ४९) आणि नागपूर ग्रामीण (एमएच ४०) अशी तीन नोंदणी कार्यालये येथे आहेत. राज्यातल्या राज्यात मालकी बदलताना नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. दिल्ली, हैदराबाद किंवा रायपूरहून आणलेल्या गाडीला मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथे पुन्हा कर भरावा लागतो. दिल्लीत पेट्रोल गाड्यांच्या वयावर १५ वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात, परंतु कर, वाहतूक आणि पहिल्या दुरुस्तीचा खर्च मिळवला की हा स्वस्तपणा बराचसा आटतो. नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, हेही सौद्याच्या वेळीच हिशेबात धरावे.

शीतकरण. नागपुरातील घरगुती देखभालीचा हा गाभा आहे. निम्मे कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव) आणि निम्मे पाणी असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते; कूलंटच्या टाकीच्या झाकणाने राखलेल्या दाबामुळे हा बिंदू आणखी वर जातो. त्यामुळे झाकणाचे रबर सैल पडले, एवढ्या क्षुल्लक कारणानेही भर दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी तापू शकते. झाकण नवे घेणे हा या छंदातला सर्वांत स्वस्त विमा होय. मिश्रणासाठी डिस्टिल्ड पाणीच वापरावे. बोअरचे पाणी घातल्यास कूलरच्या टाकीला उन्हाळाअखेर जसा पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि तो सहसा निघत नाही. वेगवेगळ्या रंगांची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. रंग हा काही प्रमाणित संकेत नव्हे, म्हणून डब्यावरचा मानकाचा क्रमांक गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा.

शीतकरणाचे काम मार्च सरण्यापूर्वी उरकावे. बंपरमागे आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर असतो. या दोहोंच्या फटीत धूळ, किडे आणि एप्रिल-मेमध्ये उडणारा सावरीचा कापूस जाऊन बसतो. समोरून पाहिल्यास जाळी स्वच्छ दिसते आणि हवा मात्र आत जात नाही. पाण्याचा सौम्य झोत इंजिनाच्या बाजूने पुढे मारला तर हा कचरा निघतो. प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारल्यास मऊ अॅल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात. नंतर एसी सुरू करून रेडिएटरचा पंखा फिरतो का, आणि इंजिन तापल्यावर तो दुसऱ्या, जोराच्या गतीवर जातो का, हे कानाने पडताळावे. पहिली गती बंद पडलेली आणि दुसरीच चालू असलेली गाडी हिवाळाभर निर्धास्त धावते, त्यामुळे हा दोष सहसा एप्रिलमध्येच उघड होतो. पाण्याचे पाइप दाबून पाहिल्यावर कडक आणि तडकलेले लागले, तर एकेक न बदलता संपूर्ण संच बदलावा. दहा-बारा वर्षांच्या युरोपीय गाडीत प्लॅस्टिकच्या तोट्या रबरी पाइपांच्या आधीच ठिसूळ होतात, आणि पाइप ओढताना त्या हातात येतात. नवे मिश्रण भरल्यावर आतली हवा काढावी लागते. हवेचा फुगा अडकला असेल तर तापमानाचा काटा मधल्या खुणेवर असूनही हीटरमधून गार हवा येते. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचे झाकण कोणत्याही कारणास्तव उघडू नये.

ऑईल बदलणे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या इंजिनात हे काम पुस्तिकेतील अंतराची वाट न पाहता थोडे आधी करणे श्रेयस्कर, कारण टर्बोचा दांडा ज्या ऑईलवर तरंगतो तेच त्याची उष्णताही वाहून नेते. ऑईलची जात, म्हणजे दाटपणाचा अंक, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-४०, आणि निर्मात्याचे मानक ही दोन्ही जुळली पाहिजेत. फार जाड ऑईल घातले म्हणजे उन्हाळ्यात इंजिन सुरक्षित राहते, हा समज जुन्या इंजिनांच्या काळातला आहे.

उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत आटोपते. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ले-आउटमधल्या घरांपुढे बहुधा गट्टू, म्हणजे काँक्रीटच्या फरशा, बसवलेले असतात आणि ट्रॉली जॅकचे लोखंडी चाक त्यांच्या फटीत रुतते, म्हणून जॅकखाली जाड प्लायवूडचा तुकडा लागतो. जॅक हा केवळ उचलण्यापुरता असतो. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये. इंजिन कोमट असताना चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा) नट सैल करावा, शेवटचे दोन-तीन आटे बोटांनी सोडवावेत आणि हात झटकन बाजूला घ्यावा. निघालेले ऑईल पांढऱ्या कागदावर चोळून उन्हात धरले की त्यात चमकणारे कण आहेत का ते दिसते. काळा रंग चिंतेचा नाही, पण धातूची चमक असेल तर बेअरिंगकडे लक्ष वळवावे. नटाखालचा वायसर दर वेळी नवा घालावा. चेंबर अॅल्युमिनियमचे असल्यास नट अंदाजाने आवळू नये, त्यासाठी टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरावा. आटे गेले तर चेंबर उतरवून हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे नेण्याची पाळी येते, आणि एका सकाळचे काम आठवड्यावर जाते. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला ऑईलचे बोट लावून तो हातानेच बसवावा.

काढलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतणे किंवा वाळवीवरचा उपाय म्हणून लाकडाला फासणे, हे दोन्ही सर्रास चालते आणि दोन्ही गैर आहे. बंद डब्यात साठवून, वापरलेले ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे ते सोपवता येते.

टायर आणि ब्रेक. शिवमडक्याहून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि काँक्रीटच्या तापलेल्या पृष्ठावर हा वेग तासन्‌तास टिकवता येतो. जुन्या टायरची खरी परीक्षा तेथे होते. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी वय पाहावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी वापरल्या गेलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये नवीकोरी नक्षी आणि आठ वर्षांचे कडक रबर अशी फसवी जोडी वारंवार आढळते. हवेचा दाब सकाळी, गाडी थंड असतानाच मोजावा. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे दुपारी मोजून ‘जास्त’ वाटलेली हवा काढून टाकली तर पहाटे टायर कमी हवेवर धावतो. कमी हवेचा टायर बाजूंनी अधिक लवतो आणि लवण्यानेच तापतो. नायट्रोजन भरल्याने ओलावा टळतो एवढाच माफक लाभ आहे; दाब मोजण्याला तो पर्याय नाही.

ब्रेकचे तेल हवेतले बाष्प शोषून घेते. डॉट ४ दर्जाचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून पावसाळा संपल्यावर, दर दोन वर्षांनी ते बदलण्याचा प्रघात चांगला आहे. लायनर (ब्रेकचे पॅड) बदलताना कॅलिपरच्या सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावावे आणि डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी मोजून पाहावी.

इंधन. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चढा असल्याने टर्बो इंजिनाला ठोके बसण्याचा धोका त्याने वाढत नाही, उलट काहीसा घटतो. अडचण वेगळीच आहे. एका लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, शिवाय ते पाणी धरते आणि त्यासाठी न बनवलेल्या रबराला फुगवते. जुन्या गाडीतील इंधनाचे पाइप आणि पंपाची पॅकिंगे दरवर्षी नजरेखालून घालावीत, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. उभ्या गाडीला उंदरांचाही उपद्रव होतो. बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. गाडी आठवड्यातून एकदा फिरवणे त्याहून गुणकारी.

फेरबदल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग बदलायचा तर नोंदणी कार्यालयाला कळवून प्रमाणपत्रावर तशी नोंद करून घ्यावी लागते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याची दृश्येही राज्यातल्या शहरांत नवी नाहीत. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येतो.

या मर्यादेत जे उरते ते पुष्कळ आहे. चांगल्या प्रतीचे, मूळ मापाचे टायर, अधिक उष्णता सोसणारे लायनर, झिजलेल्या बुशांच्या (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांच्या) जागी नवे बुश, ताजे शॉकअब्सॉर्बर आणि काटेकोर अलाइनमेंट एवढ्याने दहा वर्षांची गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. ‘सस्पेन्शन ढिले वाटते’ म्हणून बुटक्या स्प्रिंगा मागवणाऱ्या मालकाला बहुतेकदा आखूड स्प्रिंगांपेक्षा नव्या बुशांची गरज असते. शिवाय भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा, आणि गल्लीबोळांतले गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात. अबार्थ पुंटोची जमिनीपासूनची १५५ मिलिमीटर उंची याहून कमी करण्यात शहाणपण नाही.

बॉनेटखाली उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर बसवणे हा नागपुरातला सर्वांत निरर्थक फेरबदल म्हणावा लागेल. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे एक-दशांशाने विरळ असते, आणि उघडा फिल्टर त्याहूनही तापलेली, इंजिनाच्या अंगची हवा ओढतो. आवाज वाढतो, शक्ती घटते. मूळ बंद पेटी आणि तिच्यापर्यंत बाहेरची हवा आणणारी नळी शाबूत ठेवणेच येथे फायद्याचे. संगणकीय रीमॅपने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत बदल करून, टर्बोचा दाब वाढवला की इंजिनात अधिक उष्णता निर्माण होते. ती वाहून नेण्याइतके रेडिएटर आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) निरोगी असल्याची खात्री एका संपूर्ण उन्हाळ्यात पटल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. पोलो जीटी टीएसआयच्या कोरड्या क्लचच्या सात गतींच्या गिअरबॉक्सवर हा ताण विशेष पडतो.

घरी करू नयेत अशी कामेही ठरलेली आहेत. एअरबॅगची जोडणी, एसीचा गॅस, टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आतली दुरुस्ती ही कामे जाणत्या गॅरेजकडेच द्यावीत. लिनिया टी-जेटचा टायमिंग बेल्ट किलोमीटर भरले नाहीत म्हणून लांबणीवर टाकणे महागात पडते, कारण रबर वर्षांनीही म्हातारे होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑईल सांडण्यावरून हरकती झेलाव्या लागतात. त्यांच्यापैकी अनेकजण वाडी किंवा कामठी रोडकडच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रविवारी जागा मागून घेतात, भाग स्वतः नेतात आणि नट आवळण्याचे काम स्वतःच्या हाताने करतात.