शिळे पॉपकॉर्न आणि कार्डाचं बिल

अमेरिकेतल्या एका चित्रपटगृहात प्रेक्षकांना पॉपकॉर्न फुकट वाटले. काहींना ताजे मिळाले, काहींना चक्क सात दिवसांचे शिळे. शिळे चवीला वाईट आहेत, हे खाणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं. तरीही सिनेमाला गेलं की पॉपकॉर्न खाणारच, अशी ज्यांची जुनी सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्न ताज्यांइतकेच खाल्ले. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यातला पुढचा भाग जास्त कामाचा आहे. अशाच सवयीच्या लोकांना मीटिंगच्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा त्यांनी शिळे पॉपकॉर्न फारसे खाल्ले नाहीत. आणि चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हाही सवयीचा जोर ओसरला.

कर्ज फेडत असलेल्या माणसाला कोणता खर्च परवडत नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. हप्त्याची तारीख त्याला तोंडपाठ असते. तरी रात्री जेवणं झाली, फोन हातात आला की ऑर्डर जाते. यावर सल्ला एकच मिळतो, मन घट्ट कर. पण सवयीचा खर्च मनाला विचारून होतच नाही. तो वेळेला, जागेला आणि हाताच्या हालचालीला बांधलेला असतो.

मेंदूत याची मुळं कुठे आहेत, याचा एक धागा मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्रम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडतो. खुणेनंतर माकडाला फळाचा रस मिळायचा. सुरुवातीला डोपामिन हे ओढ लावणारं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी रस मिळाल्यावर उसळत. काही काळाने त्या खूण दिसताक्षणीच उसळू लागल्या आणि रस प्रत्यक्ष मिळाल्यावर गप्प राहिल्या. माणसाची खरेदी म्हणजे माकडाचा रस नव्हे, हे मान्य. पण सेलची सूचना फोनवर झळकली की येणारी हुरहुर आणि पार्सल उघडल्यावरचं ‘बरं आहे’ यातला फरक ज्याने अनुभवलाय, त्याला हे फार परकं वाटणार नाही.

या ओढीला लगाम घालणारी गोष्टही मेंदूत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ब्रायन नटसन यांनी सहकाऱ्यांसह 2007 साली, खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन करून पाहिलं. आवडती वस्तू दिसली की एक भाग जागा व्हायचा आणि किंमत जास्त वाटली की ‘इन्सुला’ नावाचा दुसरा भाग. वेदना आणि किळस या अनुभवांतही इन्सुला सामील असतो. पैसे सुटताना बोच लागते, ती अशी. पण ही बोच पैसे कसे देतो त्यावर कमी-जास्त होते. एमआयटीतल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर विद्यार्थ्यांकडून बोली लावून घेतली. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं, त्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकीट मात्र तेच.

हा निष्कर्ष 2001 सालचा. आपल्याकडे यूपीआय आलं 2016 मध्ये. आता कोड स्कॅन केला की झालं, आणि यूपीआय लाइटवर छोट्या रकमेला पिनसुद्धा टाकावा लागत नाही. व्यवहार सोपे झाले हे उत्तमच. पण नोटा मोजताना जो क्षणभर हात थांबायचा, तोही त्यात गेला. कार्ड ॲपमध्ये साठवून ठेवलेलं असेल तर ते काढून टाकणं, सोळा आकडे दरवेळी हाताने टाकायला लागणं, सूचना बंद करणं, हे सगळे डाव्या हाताने पॉपकॉर्न खाण्याचे प्रकार आहेत. दिसायला किरकोळ, पण मन घट्ट करण्यापेक्षा माझा यांवर जास्त भरवसा आहे.

चहा-कॉफी सोडा, कर्ज फिटेल, असं सांगणाऱ्यांबद्दल मात्र थोडं बोललंच पाहिजे. कार्डावर 50,000 रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असं धरा. आपल्याकडच्या कार्डांवर हा दर मुळीच जगावेगळा नाही. दर महिन्याला फक्त ‘किमान देय’ म्हणून 5 टक्के भरले आणि वर्षभर कार्डावर एक रुपयाची नवी खरेदी केली नाही, तरी वर्षाअखेरीस साधारण 28,300 रुपये भरून झालेले असतात आणि थकबाकी उरते जवळपास 40,800. व्याजावरचा जीएसटी यात धरलेलाच नाही. म्हणजे घरातला सगळ्यात महाग खर्च वडापाव नाही, व्याज आहे. आणि किमान रक्कम भरणं हीसुद्धा एक सवयच. वॉरिक विद्यापीठातल्या नील स्ट्यूअर्ट यांनी 2009 मध्ये लोकांना एक काल्पनिक बिल दिलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, काहींच्या नव्हती. बिलाचा काही भागच भरू म्हणणाऱ्यांपैकी, ज्यांना तो आकडा दिसला नव्हता त्यांनी बिलाच्या सरासरी 40 टक्के भरायची तयारी दाखवली. ज्यांना दिसला, त्यांनी 23 टक्के. एका छापील आकड्याने हात एवढा आखडला, आणि तोही नको तिथे.

सवय 21 दिवसांत सुटते, हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. त्याला पुराव्याचा आधार नाही. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा आला, पण पल्ला 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. त्यातही एक मेख आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. ते लोक फळ खाणं, पाणी पिणं अशा सवयी लावून घेत होते, जुनी सवय मोडत नव्हते. मोडण्याचं काम वेगळं. मार्क बाउटन यांच्या प्राण्यांवरच्या संशोधनातून दिसतं की विझलेली सवय पुसली जात नाही. तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि जुना परिसर परत आला की खालची सवय डोकं वर काढते. सहा महिने काटकसर करणारा माणूस दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये एका रात्रीत पुन्हा उधळतो, ते काही अचानक बिघडल्यामुळे नसावं. लॅलींच्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तरी पुढच्या घडणीत फारसा फरक पडला नाही.

संकल्प करायचाच तर कसा, यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं काम आहे. ‘खर्च कमी करीन’ असं मोघम ठरवण्यापेक्षा ‘रात्री ॲप उघडावंसं वाटलं, तर वस्तू यादीत लिहीन आणि रविवारी बघीन’ असा जर-तरचा नेमका ठराव जास्त टिकतो.

आता कर्जाचं ओझं. तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बौद्धिक चाचणी घेतली होती, तोडणीआधी हात टंचाईत असताना आणि पैसे आल्यावर. तीच माणसं पैसे आल्यावर चाचणीत सरस ठरली. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत असा फरक दिसला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. सिंगापूरच्या 2019 सालच्या अभ्यासातून आणखी एक बारकावा कळला. एका संस्थेने गरीब कर्जदारांची देणी भागवली. त्यानंतर कुणाची किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती बंद झाली, याच्याशी लोकांची चिंता कमी होण्याचा आणि विचार सुधारण्याचा जास्त संबंध दिसला.

हिशेब सांगतो की सगळ्यात चढ्या व्याजाचं कर्ज आधी फेडा, आणि हिशेब बरोबरच आहे. कार्डाची थकबाकी सोडून स्वस्त गृहकर्जात जादा पैसे भरणं हा वेडेपणाच. पण फ्रिजचे तीन हप्ते, पतपेढीतलं उरलंसुरलं किंवा मेहुण्याकडून घेतलेले उसने पाच हजार बोनसमधून एका फटक्यात संपत असतील, तर ते आधी संपवायला माझी हरकत नाही. व्याजात होणारं नुकसान थोडं असतं आणि डोक्यातलं एक खातं मिटतं. फक्त त्या दिवसापासून सुटलेला हप्ता कार्डाकडे आपोआप वळेल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची, पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालून.