गोलरक्षक : व्यावसायिक फुटबॉलमधील कारकीर्द

फुटबॉल संघात स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू हाताने अडवण्याची मुभा असलेला एकमेव खेळाडू म्हणजे गोलरक्षक. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोलचौकट राखणे हे त्याचे काम. मोठ्या क्लबांकडे तीन-चार गोलरक्षक असतात, मैदानात उतरतो एकच. मधल्या फळीतल्या राखीव खेळाडूला निदान शेवटची वीस मिनिटे तरी मिळतात. राखीव गोलरक्षकाला मात्र पहिला जखमी झाला, त्याला लाल कार्ड मिळाले किंवा त्याचा फॉर्म पार हरपला, तरच दार उघडते. त्यामुळे या पेशात सुरुवात उशिरा होते आणि जागा एकदा हाती आली की ती सहसा कोणी सोडत नाही.

अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ २०१० साली, सतराव्या वर्षी आर्सेनलमध्ये आला. पुढची दहा वर्षे हा इंग्लिश क्लब त्याला लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता दुसऱ्या क्लबांकडे, पाठवत राहिला : ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्ज, गेटाफे, रेडिंग. जून २०२० मध्ये पहिला गोलरक्षक बेर्न्ड लेनो जखमी झाला आणि मार्टिनेझला जागा मिळाली. ऑगस्टमध्ये तो एफए कप जिंकला, सप्टेंबरमध्ये ॲस्टन व्हिलाकडे गेला. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ३-३ अशी बरोबरी असताना, जादा वेळेच्या अगदी अखेरीस त्याने फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका डावा पाय लांबवून अडवला. अर्जेंटिनाने पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये चषक जिंकला. लेनोचा गुडघा शाबूत राहिला असता तर हे नाव किती जणांना ठाऊक झाले असते, हा प्रश्नच आहे.

प्रत्येकाची प्रतीक्षा अशी फळत नाही. स्कॉट कार्सन मँचेस्टर सिटीत २०१९ पासून सहा वर्षे तिसरा गोलरक्षक होता. या काळात तो दोनच सामन्यांत उतरला. सरावात आघाडीच्या खेळाडूंचे फटके झेलणे आणि अनुभवी माणूस म्हणून ड्रेसिंग रूम सांभाळणे, यासाठीच असा खेळाडू ठेवला जातो. ही नोकरी कमी लेखू नये.

नियमांनीही या कामाचे स्वरूप पालटले. १९१२ पर्यंत गोलरक्षकाला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येत असे. मग ही मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती उरली. त्याहून मोठा फरक पडला तो १९९२ मध्ये. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू हातात घ्यायला बंदी आली आणि ज्यांचे पाय कच्चे होते त्यांची पंचाईत झाली. मॅन्युएल नॉयर, एडरसन यांच्यासारखे पासिंगमध्ये तरबेज गोलरक्षक ही त्या नियमानंतरची पैदास.

धावपळ तुलनेने कमी आणि जागेवर उभे राहण्याची जाण वयाबरोबर वाढणारी, म्हणून ही कारकीर्द लांबते. डिनो झॉफने १९८२ मध्ये चाळिसाव्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. जियानलुइजी बुफाँ १९९५ मध्ये सतराव्या वर्षी पार्माकडून उतरला आणि २०२३ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात ४५ वर्षांचा होता. त्या स्पर्धेतही त्याने एक पेनल्टी अडवली. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ११ मीटरवरच्या पेनल्टी बिंदूपासून गोलरेषेपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. तेवढ्या वेळात नुसत्या चपळाईने भागत नाही. मारणाऱ्याचा टेकवलेला पाय आणि कंबर कुठे वळते, हे आधीच वाचावे लागते.

जोखीमही मोठी. २००६ मध्ये पेत्र चेकची कवटी फ्रॅक्चर झाली. त्यानंतर तो डोक्यावर संरक्षक टोपी घालूनच खेळला. चुकीची किंमत तर त्याहून जास्त. १९५० च्या विश्वचषकात माराकाना मैदानावर उरुग्वेकडून झालेल्या पराभवाचे खापर ब्राझीलने आपला गोलरक्षक मोआसिर बार्बोसावर फोडले आणि २००० मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत ते पुरते उतरले नाही. पुरस्कारांतही हात आखडताच : वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा बॅलन डी'ऑर मिळालेला एकमेव गोलरक्षक म्हणजे सोव्हिएत संघाचा लेव्ह याशिन, १९६३.

निवृत्तीनंतर बरेच जण गोलरक्षकांचे प्रशिक्षक होतात; मुख्य प्रशिक्षक थोडेच. झॉफने इटलीला २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेले. नुनू एस्पिरितु सांतु २००४ मध्ये युरोपविजेत्या पोर्तोचा राखीव गोलरक्षक होता. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने वुल्व्जला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत, आणले.